जुन्या तिबिलिसीत दीड तासाचे वाइन टेस्टिंग : प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जॉर्जियाच्या राजधानीत, म्हणजे तिबिलिसीत, सहलीसाठी किंवा तिथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांना भेटण्यासाठी जाणाऱ्या मराठी माणसांच्या कार्यक्रमात हल्ली जुन्या शहरातल्या वाइन टेस्टिंगसाठी हमखास एक संध्याकाळ राखलेली असते. आयोजक बहुधा सात-आठ प्रकारांची यादी पुढे ठेवतात. दीड तासात तेवढे ग्लास समोरून जातात आणि शेवटी कोणती चव कशाची होती हे काहीच लक्षात राहत नाही. पहिल्या खेपेला चारच ग्लास घ्यावेत आणि तेही दोन-दोनच्या जोड्यांनी घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. जोडीतला फरक ओळखता आला, की जॉर्जियाच्या वाइनमधला सर्वांत महत्त्वाचा भाग समजला म्हणून समजावे.

आधी क्वेव्रीची ओळख

क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, खाली निमुळता होत गेलेला मातीचा मोठा रांजण. त्याला आतून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ लेप दिलेला असतो. पूर्वेकडच्या काखेती प्रांतातल्या पद्धतीनुसार चिरडलेल्या द्राक्षांचा रस साली, बिया आणि कधीकधी देठांसह या रांजणात ओततात, तो स्वतःहून आंबू लागला की दिवसातून काही वेळा ढवळतात, आणि आंबण्याचा जोर ओसरल्यावर तोंड बंद करून पाच-सहा महिने तसाच राहू देतात. या काळात जमीन तापमान स्थिर राखते, साली आणि बिया हळूहळू निमुळत्या तळाशी बसतात आणि वसंतात झाकण उघडले की वर नितळ वाइन मिळते. पश्चिमेकडच्या इमेरेती प्रांतात सालींचा थोडाच भाग घालतात, त्यामुळे तिथली वाइन हलकी असते. हे रांजण जिथे पुरलेले असतात त्या जागेला मरानी म्हणतात.

पांढऱ्या द्राक्षांचा रस असा सालींसह महिनोन्‌महिने राहिला की त्याचा रंग पिवळट न राहता मधासारखा किंवा गडद नारिंगी होतो आणि त्यात तुरटपणा उतरतो. हीच अंबर वाइन. तिच्यात संत्र्याचा रस मिसळलेला असतो असा समज काही पर्यटकांचा होतो, तो चुकीचा आहे. तो रंग केवळ सालींचा आहे.

युनेस्कोने २०१३ साली या पद्धतीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिबिलिसीच्या दक्षिणेला असलेल्या गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या नवाश्मयुगीन वस्त्यांतल्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अवशेष सापडल्याचे दाखवले गेले आणि त्यांचा काळ सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचा ठरला. मार्गदर्शक हा आकडा सांगतीलच. आज क्वेव्रीची वाइन शहरातल्या दुकानांतून सहज मिळते, तिच्यामागे मात्र अलीकडचाही एक इतिहास आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. सोव्हिएत काळात मोठ्या कारखान्यांनी मोजक्या जातींवर भर दिला, १९८५ च्या मद्यविरोधी मोहिमेत द्राक्षमळे उपटले गेले आणि २००६ साली रशियाने जॉर्जियाची वाइन आयात करणे बंद केले. ती बंदी २०१३ मध्ये उठली. मधल्या वर्षांत मोठी बाजारपेठ हातची गेल्याने उत्पादकांना गुणवत्तेकडे आणि नव्या देशांकडे वळावे लागले, आणि लहान शेतकरी कुटुंबांची क्वेव्रीची वाइन याच काळात परदेशी ग्राहकांपर्यंत पोचू लागली.

ठिकाण आणि वेळ

जुने शहर म्हणजे साधारणपणे लिबर्टी चौकापासून खाली मत्क्वारी नदीपर्यंतचा आणि त्याच काठाने पुढे अबानोतुबानी या गंधकाच्या स्नानगृहांच्या वस्तीपर्यंतचा भाग. इराणच्या आगा मोहम्मद खानाने १७९५ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केले होते, त्यामुळे आज दिसणारी कोरीव लाकडी सज्ज्यांची घरे बहुतांशी त्यानंतरची, एकोणिसाव्या शतकातली आहेत. काही टेस्टिंगच्या खोल्या अशाच घरांच्या विटांच्या कमानदार तळघरांत आहेत. तिथे उतरायला अरुंद आणि उंच पायऱ्या असतात. बरोबर गुडघेदुखी असलेले आईवडील असतील तर नोंदणी करतानाच पायऱ्या किती आहेत हे विचारून घ्यावे आणि रस्त्याच्या पातळीवरची जागा मागावी. गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आणि चढउताराच्या असल्याने सपाट, पकड असलेली पादत्राणे घालावीत.

शार्देनी रस्त्यावर आणि ‘मैदान’ नावाच्या चौकाच्या आसपास ‘मोफत वाइन चाखा’ असे सांगून आत बोलावणारी दुकाने भेटतात. तिथे मिळणारी वाइन वाईटच असते असे नाही, परंतु तिथे विक्रीची घाई असते आणि नवख्याला शांतपणे तुलना करता येत नाही. सोलोलाकीच्या बाजूला, लिबर्टी चौकातून निघणाऱ्या आतल्या रस्त्यांवर, निवांत बसून शिकवणाऱ्या जागा अधिक मिळतात. नोंदणी करताना तीन प्रश्न विचारावेत: मार्गदर्शन इंग्रजीत आहे का, क्वेव्रीची आणि पोलादी टाकीतली (म्हणजे साली काढून आधुनिक पद्धतीने केलेली) अशा दोन्ही वाइन असतील का, आणि सोबत खायला काय मिळेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट मिळाले नाही तर दुसरी जागा पाहावी.

वेळ दुपारी चार ते सहाच्या दरम्यानची चांगली. तोवर दुपारचे जेवण अंगी लागलेले असते, रात्रीच्या जेवणाची गर्दी सुरू झालेली नसते आणि मार्गदर्शकाला बोलायला सवड असते. रतवेली, म्हणजे द्राक्षतोडणीचा हंगाम, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. त्या दिवसांत अनेक उत्पादक मळ्यावर असतात, त्यामुळे शहरात स्वतः उत्पादकाची भेट हवी असेल तर वसंतात, क्वेव्री उघडल्यानंतर जाणे बरे.

जाण्यापूर्वी

रिकाम्या पोटी जाऊ नये. फार तिखट जेवणही लगेच आधी नको, कारण जिभेची आग शमेपर्यंत तुरटपणा नीट कळत नाही. अत्तर, सुगंधी तेल, पान-सुपारी आणि पुदिन्याच्या गोळ्या त्या दुपारपुरत्या बाजूला ठेवाव्यात. अत्तराचा त्रास आपल्यापेक्षा शेजारच्याला जास्त होतो. मेट्रोनिडॅझोलसारखे मद्यासोबत न चालणारे औषध चालू असेल, गर्भारपण असेल किंवा डॉक्टरांनी मद्य वर्ज्य सांगितले असेल, तर वास आणि रंग पाहण्यात सहभागी व्हावे आणि घोट घेऊ नये. कोणी आग्रह केला तरी नम्रपणे नकार देण्यात काही गैर नाही.

अबानोतुबानीच्या गरम गंधकाच्या पाण्यात स्नान करण्याचा बेत असेल तर तो त्याच दिवशी सकाळी उरकावा किंवा दुसऱ्या दिवसावर टाकावा. वाइननंतर गरम पाण्यात बसल्याने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. स्नानगृहे आणि वाइनच्या जागा अगदी जवळजवळ असल्यामुळे हा मोह अनेकांना होतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे. स्वतः गाडी चालवू नये. लिबर्टी चौकात मेट्रोचे स्थानक आहे आणि मोबाइलवरून टॅक्सी सहज मिळते.

अर्धा तास आधी निघावे

टेस्टिंगच्या आधी अर्धा तास पायी फिरले, तर पुढे मार्गदर्शक जे सांगतील त्याला आधार मिळतो. नदीकाठच्या सिओनी कॅथेड्रलमध्ये संत निनो यांचा क्रूस जपून ठेवला आहे. जॉर्जियात चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या या संत स्त्रीने द्राक्षवेलीच्या काड्या स्वतःच्या केसांनी बांधून तो केला, अशी तिथली श्रद्धा आहे. आत जाताना स्त्रियांनी डोके झाकावे आणि पुरुषांनी अर्धी विजार घालू नये. तिथून जवळच हातात वाइन पिण्याचे शिंग धरून बसलेल्या माणसाचा कांस्य पुतळा आहे. वानी येथील उत्खननात सापडलेल्या इसवी सनपूर्व सातव्या शतकातल्या छोट्या मूर्तीची ती मोठी प्रतिकृती आहे. वर सोलोलाकीच्या टेकडीकडे पाहिले की १९५८ साली उभारलेली ‘कार्तलिस देदा’ ही जॉर्जियामातेची मूर्ती दिसते. तिच्या एका हातात मित्रांसाठी वाइनचा वाडगा आणि दुसऱ्या हातात शत्रूंसाठी तलवार आहे. देवळात, चौकात आणि डोंगरावर अशा तिन्ही ठिकाणी वेल किंवा वाइन दिसते, आणि या समाजात तिला नुसत्या नशेच्या पेयाहून निराळे स्थान का आहे हे कळू लागते.

चार ग्लास, दोन जोड्या

नाशिकला सुला किंवा अन्य ठिकाणी टेस्टिंग केलेल्यांना शनँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ ही नावे ओळखीची असतात. तिबिलिसीत त्यांचा फारसा उपयोग नाही. इथे पाचशेहून अधिक स्थानिक द्राक्षजातींची नोंद आहे; नवख्याने त्यांपैकी दोनच लक्षात ठेवाव्यात, पांढरी रकात्सितेली आणि काळी सापेरावी. या दोन्हींची लागवड आपापल्या रंगांत देशात सर्वाधिक आहे, त्यामुळे कोणत्याही जागी त्या मिळतातच.

पहिली जोडी रकात्सितेलीची मागावी: एक ग्लास पोलादी टाकीत केलेला आणि एक क्वेव्रीतला. दोन्ही एकदमच ओतायला सांगावेत, एकामागून एक नव्हे. ग्लास दांडीला धरून पांढऱ्या कागदावर तिरका करावा आणि रंग पाहावा. टाकीतली वाइन फिक्या पेंढ्याच्या रंगाची दिसेल, क्वेव्रीतली तांबूस-सोनेरी. क्वेव्रीची वाइन किंचित गढूळ असली तरी तो दोष नव्हे, कारण अनेक उत्पादक ती गाळत नाहीत.

मग प्रथम न हलवता वास घ्यावा, नंतर ग्लास टेबलावरच गोल फिरवून पुन्हा घ्यावा. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मार्गदर्शक ज्या फळांची नावे घेतील ती आपण कधी हुंगलेलीच नसतील, तर मान डोलावू नये; आपल्या स्वयंपाकघरातली आणि बाजारातली नावे घ्यावीत. टाकीतल्या रकात्सितेलीत हिरवे सफरचंद किंवा पेअर जाणवेल. क्वेव्रीतल्या वाइनमध्ये सुके जर्दाळू, संत्र्याची वाळलेली साल, अक्रोड, मध, कोरा चहा यांपैकी काहीतरी सापडेल. आपल्याला चिंच किंवा बेदाणे आठवले तर तसेच लिहून ठेवावे, कारण पुढच्या वेळी तीच नोंद उपयोगी पडते आणि उसनी नावे विसरली जातात. हाच नियम उलटही लागू पडतो: व्हिनेगरचा झणझणीत वास, नखांच्या रंगाचा वास किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर ती ‘मातीची खासियत’ मानून घेऊ नये आणि तसे मोकळेपणाने सांगावे. चांगला मार्गदर्शक लगेच दुसरी बाटली उघडतो.

आता लहान घोट घेऊन तो पाच-सात सेकंद जिभेवर फिरवावा. टाकीतल्या वाइनचा आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवतो आणि पाणी सुटते. क्वेव्रीतल्या वाइनने, जांभूळ खाल्ल्यावर होते तशी, हिरड्या आणि जीभ किंचित आखडते. पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये हा अनुभव पहिल्यांदा येतो तेव्हा पुष्कळांना ती बिघडलेली वाटते. दुसरा घोट ब्रेडच्या आणि चीजच्या तुकड्यानंतर घ्यावा आणि मगच मत बनवावे. द्राक्ष तेच, बहुधा प्रांतही तोच. एवढा सगळा फरक साल ठेवल्याने आणि रांजणामुळे झालेला असतो. या एका जोडीसाठी निम्मा वेळ, म्हणजे चाळीसेक मिनिटे, द्यायला हरकत नाही.

तापमानाकडेही लक्ष ठेवावे. टाकीतली पांढरी वाइन ८ ते १० अंश सेल्सियसला चांगली लागते. अंबर वाइन तेवढी थंड दिली तर वास दबतो आणि तुरटपणा तेवढा उरतो. तसे वाटले तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ थांबावे.

दुसरी जोडी सापेरावीची: एक कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, आणि एक अर्धगोड. सापेरावीच्या द्राक्षाचा गरही लालसर असल्याने या वाइनचा रंग जवळजवळ शाईसारखा गडद असतो आणि ग्लास फिरवल्यावर काचेलाही लागतो. पांढरा कुर्ता घालून गेलेल्यांनी सावध असावे. कोरड्या सापेरावीत तुती, काळी चेरी, डाळिंब यांची आठवण येते, आंबटपणा चांगलाच असतो आणि म्हणून ती चरबीयुक्त पदार्थांबरोबर खुलते. अर्धगोड प्रकारात किंदझ्मराउली मागावी. ती काखेतीत सापेरावीपासूनच होते. सगळी साखर आंबून संपण्याआधीच थंडाव्याने प्रक्रिया थांबवल्यामुळे गोडवा मागे राहतो. आपल्याकडच्या अनेकांना हीच सर्वांत आवडते, आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. क्रम मात्र चुकवू नये. गोड वाइन आधी घेतली की नंतरची कोरडी वाइन कडवट आणि रोड वाटते. मधुमेह असलेल्यांनी हा चौथा ग्लास वासापुरताच ठेवणे श्रेयस्कर.

बाटल्यांवरच्या नावांत नवख्यांचा गोंधळ होतो, तो इथेच मिटवावा. त्सिनांदाली, मुकुझानी, किंदझ्मराउली, ख्वांचकारा ही नावे द्राक्षांची नसून ठरावीक ठिकाणच्या ठरावीक वाइनची आहेत. त्सिनांदाली ही मुख्यतः रकात्सितेलीची, ‘मत्स्वाने’ हे दुसरे पांढरे द्राक्ष थोडे मिसळलेली कोरडी पांढरी वाइन आहे. मुकुझानी ही ओकच्या लाकडात मुरवलेली कोरडी सापेरावी. ख्वांचकारा राचा प्रांतातली अर्धगोड लाल वाइन आहे आणि तिच्यात सापेरावी नसून अलेक्सांद्रौली आणि मुजुरेतुली ही द्राक्षे असतात.

किती प्यायचे

टेस्टिंगचा एक ग्लास साधारण ५० मिलिलिटरचा धरला, तर चार ग्लासांची २०० मिलिलिटर वाइन होते. साडेबारा ते तेरा टक्के मद्यांशाच्या हिशेबाने ती सगळी पोटात गेली तर सुमारे दोन छोट्या पेगांइतके मद्य होते. म्हणून टेबलावर थुंकण्याचे भांडे असेल तर त्याचा उपयोग करावा. नसेल तर मागावे. चाखून थुंकणे हा तिथे अपमान मानला जात नाही. ग्लासात उरलेली वाइन त्याच भांड्यात ओतून टाकली तरी चालते. आपल्याकडे अन्न टाकू नये असा संस्कार असल्याने हात अडखळतो, परंतु नको असताना पिण्यापेक्षा ते बरे. प्रत्येक ग्लासामागे अर्धा ग्लास पाणी प्यावे.

सोबतचे खाणे

शाकाहारी वाचकांसाठी जॉर्जिया सोयीचा देश आहे. अक्रोडाचे वाटण भरलेल्या वांग्याच्या गुंडाळ्या, म्हणजे बद्रिजानी, अंबर वाइनबरोबर घ्याव्यात. अक्रोडातला स्निग्धांश तुरटपणाला सावरतो आणि दोन्हींची चव वाढते. पालक किंवा बिटाच्या वाटणाचे फ्खाली, घेवड्याच्या दाण्यांचे सारण भरलेली लोबियानी, सुलुगुनी चीज आणि भट्टीतला ताजा ब्रेड एवढे टेबलावर असले तर आणखी काही लागत नाही. अंडी आणि दूधही चालत नसेल तर ‘सामार्ख्वो’ असे सांगावे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासाच्या दिवसांतले प्राणिज पदार्थांविनाचे जेवण असा त्याचा अर्थ आहे आणि वाढणाऱ्याला तो लगेच कळतो. सोबत मुले असतील तर त्यांना चुर्चखेला द्यावा: दोऱ्यात ओवलेले अक्रोड घट्ट केलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवलेले असतात.

‘गाउमार्जोस’ आणि चाचा

घरगुती मेजवानीत तामादा, म्हणजे शुभेच्छांचे सूत्र सांभाळणारा माणूस, बोलल्याखेरीज कोणी पीत नाही. टेस्टिंगला हा नियम लागू नसतो. तरीही मार्गदर्शकाने ग्लास उचलून शांतीसाठी, पूर्वजांसाठी किंवा पाहुण्यांसाठी दोन शब्द बोलायला सुरुवात केली, तर चालू बोलणे थांबवून ऐकावे, डोळ्यांकडे पाहून ‘गाउमार्जोस’ (म्हणजे तिथले ‘चीअर्स’) म्हणावे आणि एक घोट घ्यावा. ग्लास रिकामा करण्याची सक्ती नसते.

शेवटी बहुधा चाचा पुढे येते. द्राक्षे पिळून उरलेल्या चोथ्यापासून गाळलेले हे कडक मद्य ४० टक्के किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे असते. चार ग्लासांनंतर तिचा लहान प्याला एका दमात घेण्याची प्रथा पर्यटकांत पडली आहे आणि संध्याकाळ बिघडते ती बहुधा इथेच. ओठ ओले करण्यापुरती घ्यावी, किंवा सरळ नको म्हणावे.

बाटल्या घेताना

लगेच विकत घेऊ नये. आपल्या नोंदी पाहून, थोडे फिरून येऊन मग घ्यावे. भारतात परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते, म्हणजे माणशी ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. त्यांपैकी एक तरी क्वेव्रीची असावी, कारण ती आपल्याकडे सहज मिळत नाही. लेबलवर द्राक्षाचे नाव, साल, उत्पादक आणि क्वेव्रीचा उल्लेख आहे हे पाहून घ्यावे. प्लास्टिकच्या बाटल्यांतली घरची वाइन रस्त्याकडेला मिळते. ती तिथेच चाखायला हरकत नाही, पण प्रवासात ती टिकत नाही आणि बाटली फुगते.

बाटल्या नोंदणीच्या सामानातच टाकाव्या लागतात, कारण हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठे द्रव चालत नाही. दुकानदाराकडून फुग्यांचा प्लास्टिक कागद गुंडाळून घ्यावा, वर एक घट्ट पिशवी बांधावी आणि बाटल्या सुटकेसच्या मध्यभागी, चारही बाजूंनी कपडे येतील अशा ठेवाव्यात. घरी पोचल्यावर त्या आठ-दहा दिवस आडव्या, अंधाऱ्या आणि गार जागी विसावू द्याव्यात. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या माळ्यापेक्षा फ्रिजचा खालचा कप्पा सुरक्षित. अंबर वाइन मात्र तिथून काढून वीसेक मिनिटे बाहेर ठेवावी आणि मगच उघडावी.